मोठ्या सिस्टर आणि विसराळू मशीन

आमच्या मोठ्या सिस्टरांना 'समजलं नाही' म्हणायची मुळीच लाज नव्हती. धंतोलीतल्या आमच्या दवाखान्यात चांगले चांगले डॉक्टर न समजताही माना डोलवत, या मात्र भर व्हरांड्यात म्हणत, "मले काई समजून नाही राहिलं. पुन्हा सांगा."

ऐंशीच्या दशकात कॉम्प्युटर बसवायला इंजिनिअर आला, तेव्हा त्याला त्यांनी घामच फोडला. "पेशंटचं नाव टाका, खाटेचा नंबर येईल. सगळं मशीनच्या डोक्यात असतं, म्हणून झटकन सापडतं," तो म्हणाला.

"आन् दोन कमलाबाई आल्या त?"

मग नावापुढे गाव टाकायचं ठरलं. रोज संध्याकाळी सगळं फ्लॉपीवर उतरवून घ्या, असंही तो जाता जाता म्हणाला, पण आम्ही अजून कमलाबाईंतच अडकलो होतो. काउंटरवर मी बसायचो, मशीन मीच चालवणार होतो. माझ्या डोक्यात काडीचं शिरलं नव्हतं, तरी मी मान डोलवली.

खंडेनवमीला सिस्टरांनी कात्र्या, चिमटे मांडून पूजा केली, कॉम्प्युटरलाही हळदकुंकू वाहिलं. पूजेच्या दिवशी हत्यारांना विश्रांती द्यायची. दवाखान्यात कात्र्यांना कुठली सुटी! "यालेच देऊ," म्हणत त्यांनी रात्रंदिवस चालणाऱ्या मशीनचं बटण पहिल्यांदाच बंद केलं.

दसऱ्याला मी ते पुन्हा सुरू केलं. नरखेडकडचा एक माणूस आला. त्याच्या बायकोला तिच्या भावाने आमच्याकडे भरती केलं होतं, कुठल्या खाटेवर ते याला ठाऊक नव्हतं. मी नाव टाकलं, गाव टाकलं. पडदा कोरा. पुन्हा टाकलं.

"नाही," मी म्हणालो.

तो मटकन खाली बसला. "गेली का जी?"

सिस्टर धावत आल्या. काय झालं ते त्यांनाही कळेना. त्याचा हात धरून त्या खाटेखाटेपाशी विचारत निघाल्या, मी मागे. बायकांच्या वॉर्डात त्याची बायको केस विंचरत बसली होती. तिला बघून तो ढसाढसा रडला.

"काहून रडून राहिले?" ती गोंधळून म्हणाली.

बटण बंद केलं की मशीनचं डोकं रिकामं होतं, फ्लॉपीवर उतरवलेलं तेवढंच उरतं, हे इंजिनिअरने फोनवर सांगितलं. आम्ही एकदाही उतरवलं नव्हतं. रात्र उलटली की कालचं आठवत नाही, ते डोकं कसलं, हे मला अजून कळलेलं नाही.

सिस्टर मात्र संध्याकाळी काउंटरवर माझ्याकडे आल्या. "माह्या पूजेपायी त्याचा जीव गेला असता गा! यापुढं कोणाले 'नाही' म्हणू नोको. 'पाहून येतो' म्हणायचं, आन् उठून पाहून यायचं."

पुढे काही वर्षांनी सिस्टर नोकरीत असतानाच गेल्या. मला फार पोरकं वाटलं. त्यानंतर एकदा त्यांची एक जुनी पेशंट काउंटरवर आली.

"मोठ्या सिस्टर हायेत का जी?"

"पाहून येतो," मी म्हणालो, आणि उठलो.