टिळ्याची जागा

इंद्रजित,

वणीला गेल्यापासून तुझा फोन कधी लागतो, कधी लागत नाही. लागला की तू म्हणतोस, "मॅडम, गाडीवर हाय, उतरलो की करतो." तू अजून उतरलेला नाहीस. म्हणून लिहिते. आणि लिहायला बसलेच आहे तर चारचौघांना वाचता येईल असं लिहिते. तुझ्यासारख्या माणसाबद्दल कुणी लिहीत नाही, आणि तू स्वतः लिहायला घेतलंस तर त्यात तुझ्याशिवाय दुसरं कुणी येणार नाही. तुला ठाऊक असलेलंही मला सांगावं लागेल. मध्ये बोलू नकोस.

तू राळेगाव तालुक्यातला. वडिलांचं एसटी स्टँडसमोर सायकलदुरुस्तीचं दुकान. आजोबांनी छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली. तेव्हापासून घरात पुस्तकाला कुणी नाही म्हटलं नाही, असं तू मला किती वेळा सांगितलंस याचा हिशेब मी ठेवला नाही. आयटीआय केलंस, इलेक्ट्रिशियन झालास, आणि यवतमाळला येऊन लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये लागलास. बायको दीपा नर्स. माझ्या घरामागच्या दोन खोल्या तुम्ही भाड्याने घेतल्या, आणि माझी दुपारची झोप संपली.

कारण तू बडबड्या. कामावर जाताना इस्त्रीचा शर्ट, खिशाला टेस्टर, आणि तोंडात कुणाशी तरी चाललेला वाद. माझ्या गिझरची तार बदलताना तू मला वीज म्हणजे काय ते समजावून सांगायचास. मी तीस-पस्तीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं, वीज नाही, म्हणून गप्प ऐकायचे. गिझर नीट झाला की उठून जायचे.

आता तुझं काम. जिनिंगमध्ये कापसाची सरकी वेगळी होते, उरते ती रुई, आणि प्रेस ती रुई दाबून तिची गाठ बांधते. ती प्रेस चालवणारा एक छोटा संगणक पॅनलच्या पेटीत बसलेला असतो, त्याला पीएलसी म्हणतात. तेलाचा दाब किती, मोटर किती तापली, दारात कुणी आहे का, सगळं त्याला कळतं. पण तो बोलतो आपल्या कंपनीच्या भाषेत, आणि ती भाषा कळणारं सॉफ्टवेअर कंपनीच्या इंजिनिअरच्या लॅपटॉपमध्ये. मशीन अडली की नागपूरहून तो येईपर्यंत सगळ्यांनी माशा मारायच्या.

तुला हे सहन होणं शक्य नव्हतं. दुसरा कुणी मशीनशी बोलतो आणि आपण नाही! इंटरनेटवर शोधून शोधून तू एक लायब्ररी काढलीस. देशोदेशीच्या काही लोकांनी मिळून लिहिलेला, अशा पीएलसींशी बोलणारा प्रोग्रॅम. फुकट, आणि आतली ओळन् ओळ उघडी. कुणीही वाचावी, चुकलं असेल तर दुरुस्त करावं.

"फुकट कशाला देतात?" मी विचारलं.

"तुमी मले इंग्रजी काहून शिकवून राह्यल्या फुकट?"

"ते तुझ्या भाड्यात धरलंय."

"पाहा! मले वाटलंच होतं."

इंग्रजी तुला त्याच लायब्ररीपायी लागत होतं. तुमची पीएलसी जुन्या मॉडेलची, आणि लायब्ररी तिच्याकडून तेलाच्या दाबाचा आकडा भलताच आणत होती. एवढा दाब खरा असता तर अख्खं लोहारा गावच जागेवर राहिलं नसतं. ही चूक लिहिणाऱ्यांना कळवायची होती. तू लिहून आणलंस ते मी अजून विसरले नाही. रजेचा अर्ज होता तो! वर "आदरणीय महोदय", खाली "आपला आज्ञाधारक", आणि मध्ये कुठेतरी तेलाचा दाब. मी महोदय कापले, आज्ञाधारक कापला, तुझ्या आजोबांचा उल्लेख होता तोही कापला. चार ओळी राहिल्या. उत्तर आलं त्याहून लहान: धन्यवाद, मॉडेल कोणतं, मशीनने दिलेले आकडे जसेच्या तसे पाठवा.

"नमस्कारबी नाही!" तू दुखावलास.

"काम विचारलंय त्याने. आकडे पाठव."

पाठवलेस. पुढे काही महिने तुमचं येणं-जाणं चाललं. जुन्या मॉडेलमध्ये आकड्याचे दोन तुकडे उलट क्रमाने येतात हे तू शोधलंस, दुरुस्तीही लिहिलीस, त्यांनी ती दोनदा परत पाठवली, तू दोनदा चिडलास, आणि शेवटी ती घेतली गेली. मदत करणाऱ्यांच्या नावांत तुझं नाव लागलं. ते मोबाइलवर तू अख्ख्या गल्लीला दाखवलंस, भाजीवाल्या हंसाबाईलासुद्धा. ती म्हणाली, "नाव त लागलं, आता मेथी घेतं का?"

त्या लायब्ररीवर तू कारखान्यासाठी एक पडदा बनवलास. मशीनच्या आतलं सगळं त्यावर दिसायचं. पण त्यात तू एक गोष्ट मुद्दाम ठेवली नाहीस. लायब्ररीने मशीनकडून वाचताही येतं आणि मशीनमध्ये लिहिताही येतं. तुझा प्रोग्रॅम फक्त वाचायचा.

"का रे, येतंय तर का नाही?"

"मॅडम, बाहेरून सांगतलं का मशीन ऐकते. सांगणारा शहाणा हाय का येडा, हे तिले कायले पाहाचं? अन् दारापाशी बाया असतेत."

त्या बायांतली एक मथुराबाई. प्रेसच्या दाराशी सांडलेली रुई गोळा करून परत आत लोटायची, हे तिचं काम. दुसऱ्या कुठल्याशा जिनिंगमध्ये तिच्या बहिणीची दोन बोटं गेली होती, त्यामुळे तिचा प्रेसवर विश्वास नव्हता. तू तिला दाराच्या चौकटीतला सेन्सर दाखवलास. बोटाएवढी वस्तू, पुढे काचेचा थेंब. समोरच्या बाजूला एक लहानसा आरसा. मध्ये हात आला की प्रेस जागच्या जागी थांबते. तू स्वतःचा हात घालून दाखवलास, दीपाला कळलं असतं तर तुझं काही खरं नव्हतं. आणि मग तुझ्या तोंडाला आवर नसल्यामुळे म्हणालास, "मावशी, ह्या डोळ्याले रोज नमस्कार करत जा. देव पाहो न पाहो, हा पाह्यते."

ती रोज करू लागली. तू मला हसून सांगितलंस. मीही हसले.

मग दसरा आला. दसऱ्याला तू नागपुरात, दीक्षाभूमीवर. दरवर्षीचंच. कारखान्यात त्या दिवशी मशीनची पूजा झाली. आंब्याची पानं, झेंडूचे हार, आणि जिथे हात पोचेल तिथे हळदीकुंकवाचा टिळा. दुसऱ्या दिवशी हंगामाचा मुहूर्त. मालकाचा मुलगा अंकुर, तुझा मॅनेजर, माझा विद्यार्थी. कॉलेजात निबंध कधी पूर्ण केला नाही, पण आमंत्रण पूर्ण देतो. म्हणून मी तिथे होते.

फाटकापासून रस्त्यापर्यंत कापसाचे ट्रॅक्टर लागले होते. अंकुरने नारळ फोडला, बटण दाबलं. प्रेस हलली नाही. परत दाबलं. पडद्यावर तांबडी ओळ आली: दारात अडथळा.

"दारात काय हाय बे?" नानाजी, तुमचे जुने फिटर.

"काहीच नाही." तू नागपूरहून आणलेल्या पुस्तकांची पिशवी अजून खांद्याला अडकवूनच उभा होतास.

"पूजेले तू नव्हता. रुसली ते."

"नानाजी, मशीन रुसत नाही. बायको रुसते."

"मंग तुह्या त्या फुकटच्या प्रोग्रॅमनं बिघडवली. फुकटचं अन् पचलं, असं होते का कधी?"

चार जण हसले. तू हसला नाहीस. लॅपटॉप उघडलास, तारा तपासल्यास, मग आपला प्रोग्रॅम पूर्ण बंद करून तार काढून नानाजींच्या हातात दिलीस. बटण दाबलं. प्रेस तशीच. म्हणजे तुझा प्रोग्रॅम सुटला, पण प्रेस सुटली नाही. अंकुरने नागपूरला फोन लावला. इंजिनिअर दोन दिवसांनी येणार होता.

अंकुर तुझ्याजवळ आला. आवाज खाली, पण मी शेजारीच खुर्चीवर होते.

"इंद्रजित, त्या लायब्ररीनं लिहिताही येतं ना?"

"येते."

"मग लिही ना. दार मोकळं आहे असं मशीनमध्ये लिहून टाक. इंजिनिअर येईपर्यंतच."

"नाही लिहीत."

"बायांना लांब उभं करू."

"साहेब, रुई सांडली का कोण थांबते लांब? तुमीच वरडता, उचला उचला म्हणून."

अंकुर वाईट मुलगा नाही. पण बाहेर ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजवत होते आणि आतून वडील फोनवर फोन करत होते. तो म्हणाला, "तुला जमत नसेल तर जमणारा आणीन. मग तोच राहील इथे."

मला तेव्हा माहीत होतं की दीपाची नोकरी कंत्राटी आहे, तिचे तीन महिने पगाराविना गेलेत, आणि तुझा पगार हाच तुमचा पगार. तू लॅपटॉप मिटलास, काखेत घेतलास, आणि प्रेसच्या दारासमोर एक रिकामा खोका उलटा टाकून त्यावर बसलास.

"तो येईस्तोवर मी इथंच बसतो," म्हणालास. आणि गप्प झालास. तुला गप्प मी तेवढंच पाहिलं.

"अंकुर," मी म्हटलं, "चहा सांग. मला आणि तुलाही. ट्रॅक्टर पळून जात नाहीत."

चहा आला. मागोमाग मथुराबाई आली, पदर खोचून, मुहूर्त का अडला ते पाहायला.

"काहून बसला रे बाप्पा असा?"

"मावशी, मशीन म्हणते दारात काहीतरी हाय."

"खोटं बोलते. दारात काय राहीन? काल म्या सोता झाडून घेतलं, पुसून घेतलं, तुह्या डोळ्याची पूजा केली..."

"कोणाची?"

"डोळ्याची. तूच त सांगतलं होतं नमस्कार कर म्हून. दसऱ्याचा नुसता नमस्कार कसा करू? चांगला टिळा लावला, अक्षता लावल्या."

तू खोक्यावरून उठलास तो सरळ गुडघ्यावर. झेंडूचा हार बाजूला केलास. मीही चष्मा सावरून वाकले. काचेच्या त्या थेंबावर हळदीकुंकवाचा जाडसर लेप, वाळून घट्ट झालेला, आणि बरोबर मध्ये तांदळाचा एक दाणा. सकाळपासून तिथे किती जणांनी वाकून पाहिलं होतं, तूही पाहिलं होतंस. पण त्या दिवशी सगळ्या मशीनवरच टिळे होते. त्यातला एक कुणाच्या डोळ्यात भरणार?

नानाजी एवढे हसले की त्यांना ठसका लागला. "अन् म्हणते मशीन रुसत नाही! तूच शिकवलं तिले हे, आता भोग."

 रुमाल ओला करून तू काच पुसलीस, नानाजींच्या हातातली तार परत जोडून प्रोग्रॅम चालू केलास. तांबडी ओळ गेली, हिरवी आली. अंकुरने बटण दाबलं आणि प्रेस खाली आली. लोक टाळ्या वाजवत होते. अंकुर तुझ्याकडे न पाहता पेढ्यांचं ताट घेऊन फिरत राहिला, आणि तुझ्यापाशी आल्यावर दोन पेढे ठेवून गेला. दुसऱ्या माणसाचं नाव त्यानंतर कुणी काढलं नाही.

पण मथुराबाई खूश नव्हती.

"पुसला? दसऱ्याचा टिळा पुसला?"

"मावशी, आंधळा झालता तो."

"मंग कुठी लावू, सांग. माह्या हाताकडं पाह्यते तो सालभर. त्याले टिळा नाही, अन् त्या मुक्या पत्र्याले टिळा?"

 संध्याकाळी तू माझ्या पायरीवर येऊन बसलास.

"मॅडम, डोळ्याच्या बाजूले एक पितळेची पाटी लावतो. टिळा तिथं. तुमी गावात जाता, आणान का?"

"आणीन. कशी?"

"पिंपळाच्या पानासारखी. पिंपळ तिलेबी चालते, अन् माह्या बुद्धालेबी."

कुठे लावायची ते तू ठरवलं होतंस. इतकीही जवळ नको की कुंकू सांडून काचेवर जाईल, इतकीही लांब नको की मावशीला पटणार नाही. भोकं मीच पाडीन, म्हणालास, दुसऱ्याने पाडली तर वाकडी पाडेल. मी यवतमाळच्या भांड्यांच्या दुकानात जाऊन पान कापून घेतलं. पहिल्या वेळी दुकानदाराने बदामाचा आकार दिला, तो तोंडावर परत केला.

पान आलं त्याच आठवड्यात दीपाला वणीला कायमची नोकरी लागली. तुम्ही घाईत सामान भरलंत. टेम्पोच्या मागून तू ओरडलास, "मॅडम, पाटी राहू द्या, रविवारी येतो, लावून देतो." तिथे तू कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्याच्या मोटरी सांभाळतोस, तिथल्या पीएलसीशीही बोलू लागला आहेस, हे मला दीपाकडून कळतं. रविवार कळत नाही.

अंकुरच्या हातात मी पाटी दिली नाही. तो ती दिसेल तिथे ठोकून मोकळा होईल.

परवा बाजारात मथुराबाई भेटली. काम करते आहे, हात धडधाकट आहेत. मी विचारलं, यंदा दसऱ्याला काय केलंस? म्हणाली, करंडा घेऊन डोळ्यापुढे उभी राहिले, बोट कुंकवात बुडवलं, आणि तुझी आठवण झाली. शेवटी टिळा स्वतःच्याच मनगटाला लावला. "तो आला का मॅडम?" तिने विचारलं.

पान माझ्या फ्रिजवर आहे, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. दोन स्क्रू त्याच्याच पाठीला चिकटवले आहेत. भोकं पाडलेली नाहीत.