उत्रोलीत वीज नव्हती तेव्हाचा शॉक

भूत, भानामती, अंगात येणं — असल्या गोष्टींना मी जन्मभर हसत आलो. धंदाच वायरमनचा. करंटही डोळ्यांना दिसत नाही, मान्य... पण टेस्ट लॅम्प लावला की आहे की नाही ते लगेच कळतं. भुतांसाठी तसलं काही निघालं की मग बोलू, असं मी मित्रांना सुनवायचो. तरीही एक गोष्ट माझ्याच बाबतीत घडली आहे. पंचाहत्तरी उलटल्यावर लपवून काय करायचंय, म्हणून लिहितो.

स्वातंत्र्याच्या चार-पाच वर्षं आधीची दिवाळी. भोर तेव्हा संस्थान. गावात मोजक्या घरांत वीज होती. जवळच्या आमच्या उत्रोलीत मात्र तारेचा तुकडासुद्धा नव्हता. मी भोरात वायरिंगची कामं करायचो आणि संध्याकाळी सायकल मारत भातखाचरांच्या कडेनं घरी यायचो. कापणीला आलेल्या भाताचा तो वास... काय दिवस होते! अजूनही कुठं तो वास आला की जीव कासावीस होतो.

धाकटी बहीण सखू भोरातच दिलेली. तिच्या सासरी नवं दुमजली घर झालं, आणि न्हाणीघर चक्क वरच्या मजल्यावर. त्या काळी केवढी ऐट वाटायची त्याची! न्हाणीच्या बरोबर खाली माजघर. तिथल्या छताला विजेचा दिवा मी बसवून द्यायचा, तीच यंदाची भाऊबीज, असं ठरलं.

माझे वस्ताद वेल्ह्याकडचे. त्यांचा एक नियम होता — न्हाणीखाली दिवा बसवला की आधी वर चार घागरी पाणी ओतायचं, खाली बसून निवांत एक पान खायचं, आणि तेवढ्या वेळात छत कोरडं राहिलं तरच करंट सोडायचा. मी घागर मागितली. सखू तेव्हा परड्यात होती. तिच्या सासूबाई म्हणाल्या, "न्हाई. नव्या न्हाणीत पयलं पानी पडंल ते दिवाळीच्या आंगुळीचं. त्याच्या आदी थेंब सांडायचा न्हाई."

बहिणीच्या सासरी भावानं उलटून बोलायचं नसतं. बोललं की त्याचं उट्टं बहिणीवर निघतं. मी "बरं" म्हणालो... आणि मेन स्विच चालू करून तसाच घरी आलो.

नरकचतुर्दशीची पहाट. आईनं मला तेल-उटणं चोळलं. मी घंगाळात हात घातला आणि — सणकन शॉक बसला. हात खांद्यापर्यंत बधिर. वायरमनला शॉकची ओळख दुसऱ्या कुणी पटवून द्यावी लागत नाही.

"मुंग्या आल्या असतील," आई म्हणाली.

"मुंग्या न्हाईत गं. करंट हाय."

"हितं कुठला आला करंट? सनासुदीला काय बी बोलतोस."

पुन्हा हात घातला. काही नाही, नुसतं ऊन पाणी. पण सखूचं माजघर डोळ्यांपुढे आलं आणि मी भ्यालो. अंगावर उटणं तसंच, कमरेला पंचा, अशा अवतारात सायकल काढली. भोरात शिरलो तेव्हा बायका पणत्या लावायच्या थांबून मला हसत होत्या.

सखूच्या ओसरीवर चढलो आणि आधी मेन स्विच खाली ओढून बंद केला. सासूबाई कडाडल्या, "आंगुळ अर्धी टाकून आलायसा? ही कुठली रीत?" मी थांबलो नाही. माजघरात सखू पणती घेऊन उभी. नवऱ्याला वर तेल-उटणं लावून ती नुकतीच खाली उतरली होती, आणि तिचा ओला हात भिंतीवरच्या पितळी बटणापासून वीतभर लांब होता. छतातून पाणी झिरपून तारेच्या लाकडी पट्टीतून थेट बटणात उतरत होतं. मी बटणाचं टोपण काढलं तर आतून चमचाभर पाणी सांडलं. मी तिथंच खाली बसलो आणि रडलो.

दाजी ओलेतेच खाली आले. मी विचारलं, "आंगुळ कवा सुरू केलीत?"

"आत्ताच की. बंब तापायला लई येळ लागला. तुमी यायच्या आदी धा-बारा तांबे घेतलं असतील, बस."

उत्रोलीहून यायला मला चांगली पंधरा-वीस मिनिटं लागली होती. म्हणजे मला शॉक बसला, तेव्हा त्या न्हाणीत पाण्याचा थेंबही पडला नव्हता. याचा खुलासा माझ्याकडे आजही नाही. एक डॉक्टर मित्र म्हणतो, शीर दबली असेल. असेल... पण नेमकी त्याच पहाटे?

फराळाला बसल्यावर मी सखूला घागरीची गोष्ट सांगितली. का गप्प बसलो, तेही सांगितलं.

तशी ती म्हणाली, "दादा, रेटून बोलायचं व्हतंस की रं. सासूबाई मला चार शब्द बोलल्या असत्या, एवढंच." आणि माझ्या पानात तिनं आणखी एक करंजी वाढली.