सासूबाईंचं एकभुक्त

त्या वर्षी सासूबाईंनी चातुर्मासात एकभुक्त राहायचा नेम धरला. पंचवटीतल्या आमच्या घरात दरवर्षी कुणी ना कुणी काही नेम धरतंच, त्यामुळे विचारण्यासारखं काही वाटलं नाही. दुपारी ताकभात, तोही गिचका. पोळी, भाकरी बंद. आवाज बसला, तो पावसाळी सर्दीमुळे. ब्लाउज ढिले झाले, मी शिवण घालून आत घेतले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "नेमाचं तेज आलंय हो चेहऱ्यावर!"

कार्तिकी द्वादशीला नेम सोडायचा होता. शेजारच्या काका-काकूंना मेहूण म्हणून बोलावलं होतं. पुरण शिजत असताना सासूबाई म्हणाल्या, "मी पुढेही असंच चालू ठेवते."

"काही नको," मी म्हणाले. "आधी माझ्यासमोर पोळीचा एक घास खा."

त्यांनी खाल्ला, वर पाणी प्यायल्या. दोन्ही बाहेर आलं.

"उन्हाळ्यापासून अडकतंय गं," त्या तोंड पुसत म्हणाल्या. "नेम आहे म्हटलं की कुणी आग्रह करत नाही."

मेहूण रद्द झालं. तपासण्या झाल्या. अन्ननलिकेचा कॅन्सर, तोही पसरलेला. डॉक्टर म्हणाले, आता त्रास कमी करायचा, एवढंच. नाकातून नळी घातली. मी फ्रिजवर तक्ता लावला: औषध, नळीतून खाणं, तोंड पुसणं, कूस बदलणं. तक्ता एकदाही चुकला नाही आणि त्यांचं वजन उतरतच राहिलं.

"उद्यापन राहिलंय," त्या रोज म्हणायच्या. "तुझं एक काम कधी अर्धं राहत नाही. माझंच का ठेवतेस?"

मग काका-काकूंना पुन्हा बोलावलं. दोघं मान खाली घालून जेवले. वाढताना मीही आग्रह केला नाही. नेम सुटायला सासूबाईंनी प्रसाद घ्यायला हवा होता. मी पुरण दुधात कालवून गाळलं, नळीत घालायला आणलं. त्यांनी मान हलवली आणि जीभ बाहेर काढली.

बोटाने पुरण लावलं. बराच वेळ त्या ते तोंडात घोळवत राहिल्या. गिळता येणार नव्हतं, म्हणून शेवटी मी ते ओल्या कापडाने पुसून काढलं.

"सुटला का नेम?"

"सुटला, आई."

"मग आता सांगायला हरकत नाही. फार भूक लागते गं मला."

मी त्यांना उशीला टेकवून बसवलं आणि नळीतून डाळीचं पाणी सोडलं. त्या स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होत्या.