सुनंदाकाकूंची किल्ली आणि गळा काढणारं इंजिन

जोहे गावच्या सुनंदाकाकूंवर अन्याय झाला. मंगळवारी सकाळी, दहा वाजून दहा मिनिटांनी. पेणच्या रामवाडीत, आमच्या गॅरेजच्या दारात. त्यांच्या हातातली गाडीची किल्ली त्यांच्या नवऱ्याने, वामनकाकांनी, काढून घेतली. मी साक्षीदार आहे. हातात स्पॅनर होता, नाहीतर तिथेच घोषणा दिली असती.

आरोप काय? काकू चालवतात म्हणून इंजिन रडतं.

"ऐक," काका मला म्हणाले. "कुईंऽऽऽ! ही लायसन घेऊन आली नि गाडीनं गळा काढला."

"मी स्टिअरिंग धरते, तिचा गळा नाय धरत," काकू म्हणाल्या.

गुरुवारी काकूंना रोह्याला माहेरी जायचं होतं, स्वतः चालवत. म्हाताऱ्या आईला लेकीच्या शेजारी बसून कुंडलिका नदीच्या पुलावरून एक फेरी हवी होती. तिने शेजारणींना सांगूनही ठेवलं होतं. आता किल्ली काकांच्या खिशात.

आमच्या शेठनी बॉनेट न उघडताच निकाल दिला. "लेडीज ड्रायव्हर? क्लच गेला."

"शेठ, उघडून बघू?"

"बघ. पण क्लचच आहे."

मी दोघांना गाडीबाहेर उभं केलं. गाडी न्यूट्रलमध्ये, हॅन्डब्रेक वर, सीट रिकामी. खिडकीतून हात घालून इंजिन चालू केलं. कुईंऽऽऽ!

"आता कोण चालवतंय?" मी विचारलं.

काका आभाळाकडे बघायला लागले. शेठना अचानक फोन आला.

उभ्या गाडीत आवाज येतो, म्हणजे चाकं आरोपातून सुटली. क्लच दाबून बघितला, फरक नाही. क्लच निर्दोष. एसी लावला, तर आवाज वाढला. इथे पकडला. इंजिनच्या पुढच्या बाजूला एक रबरी पट्टा फिरतो. तो एसी आणि बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, दोघांनाही फिरवतो. काम वाढलं की पट्टा घसरतो आणि ओरडतो. खात्रीसाठी पट्ट्यावर थोडं पाणी शिंपडलं. आवाज आणखी चढला. घसरतोयच.

पण पट्टा नवा होता. इंजिन बंद करून बोट फिरवलं. गुळगुळीत. वरून चमक अशी, की माझं तोंड दिसलं. वास घेतला. हा वास गॅरेजचा नव्हे. हा जोह्याचा.

"काका, यावर काय मारलंय?"

काकूंनी वाकून वास घेतला. जोह्याला त्यांचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना आहे. मूर्ती गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी तिच्यावर वार्निशचा शेवटचा हात मारायचा, ही तिथली रीत.

"वार्निश!" काकू ओरडल्या. "अवो, इंजिनाला वार्निश?"

"मळकट दिसत होतं गो," काका पुटपुटले. "तू पयल्यांदा गाडी घेऊन माहेरी जाणार. तुजा भाऊ बॉनेट उघडून बघतोच. म्हटलं, चकचकीत दिसूदे. वार्निशची स्प्रे गन मारली जराशी."

"कवा?"

"तुजं लायसन आलं, त्याच दिवशी."

शेठचा फोन संपला. "मी म्हटलं होतंच, पट्टा असणार," ते म्हणाले.

पट्टा बदलला. तो ज्या चाकांवरून फिरतो ती थिनरने पुसली. आवाज बंद. काकांनी किल्ली माझ्यापुढे धरली. मी हात मागे घेतला. "ज्यांची काढलीत त्यांना द्या." दिली. काकूंनी ती पदराला पुसून घेतली.

गुरुवारी त्या रोह्याला गेल्या. पुलावर आई पुढच्या सीटवर, काका मागे. काकू सांगत होत्या, गाडीने हूं की चूं केलं नाही. मागून मात्र "ब्रेक, ब्रेक" असा बारीक आवाज घरापासून पुलापर्यंत येत होता. त्यावर माझ्याकडे पट्टा नाही.

आता तुम्ही. तुमच्या घरातही लायसन एकीचं आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात असेल, तर गाडी न्यूट्रलला टाका, सीट रिकामी ठेवा आणि कान द्या. मग किल्ली परत करा. आजच. आणि पट्ट्याला वार्निश मारू नका.