मनीषाच्या जागेसाठी चिचगडला

१. आमच्या विद्यापीठाच्या उन्हाळी संशोधन शिबिरासाठी चिचगडच्या मनीषाची निवड झाली. ती बीएस्सी करते. काम विहिरींच्या पाण्याची तपासणी.
२. तिनं होकार कळवला नाही. फोन लागेना.
३. माझे मार्गदर्शक म्हणाले, "तिला रस नसेल. सोमवारी जागा दुसऱ्याला देऊन टाकू."
४. तिची मुलाखत मी घेतली होती. मला ते पटलं नाही. शनिवारी स्कूटर काढली.

माझं घर कुडव्याला. तिथून आमगावमार्गे देवरी. रस्ता बरा आहे, सावली कमी. मे महिन्यात जाणार असाल तर पहाटे निघा. पेट्रोल देवरीतच भरा आणि तर्रीसोबत आलूबोंडा खाऊन घ्या. पुढे जंगल लागतं आणि मोबाइलची रेंज जाते.

मनीषाच्या दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "काऊन आलीस बाई? सारे पान तोडाले गेले."

तेंदूपान, बिड्या वळायला लागतं ते. या दिवसांत अख्खं घर पहाटे जंगलात जातं, दुपारी पानांचे पुडे बांधतं आणि संध्याकाळी ते फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागी, नेतं. पाऊस आला की हंगाम संपला. आमचं शिबिर दरवर्षी नेमकं याच हंगामात असतं. आणि या भागातून प्रतिसाद मिळत नाही, असं आम्ही दरवर्षी अहवालात लिहितो.

दुपारी मायलेकी डोक्यावर गाठोडी घेऊन परतल्या. मी कोण, कशासाठी आले, ते सांगितलं.

"तुमच्या सरायले मे महिनाच भेटला काय?" पुडा बांधत आईनं विचारलं.

"सर कुठं पान तोडते, आई. त्यायले कूलर आहे," मनीषा म्हणाली. मला हसू आवरलं नाही.

"तुला यायचंय का?"

"येतोच ना, मॅडम. पण बाबाचा पाय मोडला हाये. मी आता गेलो तं आईसंग जंगलात कोन जाईल? पान संपलं का दुसऱ्या दिवशी बस पकडतो. तवापर्यंत जागा राहील काय?"

"ते माझ्या हातात नाही."

"मंग ज्याच्या हातात हाये त्याले विचार ना, बाई," आई म्हणाली आणि माझ्यापुढे भात आणि लाखोळीचं वरण ठेवलं. नको म्हणून पाहिलं, चाललं नाही.

संध्याकाळी घरी पोचले. फोटो एकही काढलेला नाही. जंगल बघायचं असेल तर पावसाळा संपल्यावर जा, सध्या तिथल्या कुणाला तुमच्याशी बोलायला सवड नाही. मी मात्र परतीच्या वाटेवर एकच हिशेब तपासत राहिले. पाण्याचे नमुने जूनमध्येही तपासता येतात. उपकरणं तीच आहेत, शिकवणारी मीच आहे. त्यासाठी मी माझी सुट्टी सोडायला तयार आहे. अडचण फक्त तारखेची आहे आणि तारीख आपण ठरवलेली आहे.

सर हा ब्लॉग वाचतात. सर, पानाचा हंगाम संपेपर्यंत मनीषाची जागा राखून ठेवाल का? हो किंवा नाही, उद्या रविवारी संध्याकाळपर्यंत कळवा.