दारावरचे ठोके

रिओच्या आमच्या टेकडीवर इरासिल्डा बायकांना ऊन विकते. गच्चीवर आडवं करून अंगावर चिकटपट्टीची बिकिनी चिकटवते, म्हणजे रापलेल्या कातडीवर पट्टे कसे रेखीव उठतात. सोबत ठणाणा फंकची गाणी. खालच्या मजल्यावर एकटेच राहणारे आनाक्लेतो आजोबा कधी चिडले नाहीत. उलट झाडूच्या दांड्यानं आपल्या लोखंडी दारावर ठेका धरायचे.

त्या रविवारी ठोके भलतेच पडत होते.

"ऐका गं, आजोबांचा ताल चुकतोय! सकाळीच बिअर लावली वाटतं," इरासिल्डा म्हणाली आणि तिनं आवाज आणखी वाढवला. उन्हात पडलेल्या आम्ही बायका लोळून हसलो.

संध्याकाळी ती घेवड्याचं कालवण द्यायला खाली गेली, तर आजोबा दाराशी पडलेले. मांडीचं हाड मोडलेलं, झाडू हातातच.

आता ती रोज त्यांना भरवते. गच्चीवर गाणं बंद आहे.

"लाव की गं पोरी," आजोबा म्हणतात. "तुझा काय दोष? एवढ्या आवाजात तुला ऐकू कसं येणार?"

इरासिल्डा पुढचा घास कालवते.