वहिनींना शिकवलेली कणसाची वीण

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. नवऱ्यापाशी नाही, लेकींपाशी नाही. तुम्हाला सांगायला बसले आहे — पण सुरुवात कुठून करावी?

निजामाच्या राज्यातले ते दिवस. आम्ही येडशीला राहायचो. दादा दुकानाच्या मालासाठी रेल्वेनं बार्शीला जायचा, आणि बार्शी म्हणजे इंग्रजी मुलूख. येताना नाक्यावर करोडगिरीचे, म्हणजे निजामाच्या जकातीचे, शिपाई गाठोडी सोडून बघायचे. तरी एका हिवाळ्यात त्यानं माझ्यासाठी लोकर आणली — शाळूच्या कोवळ्या दाण्यासारखी, हिरवट पांढरी.

त्याच सुमाराला येळवस आली, रानात पूजा करायची ती मार्गशीर्षातली अवस. कडब्याच्या कोपीत पूजा झाली, भज्जी-आंबील झालं, सगळे सावलीला लवंडले. मी एकटीच शाळूत हिंडत राहिले. कणसं नुकती भरत होती; खाली निमुळती, मध्ये गच्च, वर पुन्हा निमुळती. हे क्रोशावर येईल का? घरी येऊन विणत-उसवत बसले, आणि आलं! मानेपासून खाली पसरत जाणारी शाल, अंगभर कणसं. आई ती अंगावरून काढीना. इतकं सुख मला पुढं क्वचितच कशानं दिलं — हेही खरंच.

त्या वर्षी वहिनी घरात नव्या होत्या. भूमच्या. हाताला चव, बोलणं मऊ. आई दिवसभर त्यांचंच नाव घ्यायची. मला ते — काय म्हणू? — सलायचं. एका दुपारी त्या माझ्याजवळ येऊन बसल्या.

"वन्सं, मला शिकवाल का ही वीण? आमच्या अप्पांना दमा हाय. थंडीत लई हाल होतात. संक्रांतीला न्यावी म्हणते."

"शिकवते की," मी म्हणाले.

दादानं त्यांनाही लोकर आणून दिली. मी शिकवलं. साखळी शिकवली, खांब शिकवले, कणीस शिकवलं. फक्त — दर ओळीत काही ठिकाणी एकाच टाक्यात दोन खांब घालून शाल रुंदावत न्यायची असते, ते सांगितलं नाही. विसरले नव्हते. ओठांवर आलं होतं, गिळलं.

त्यांची शाल पसरेना. टोपीसारखी आत वळायला लागली. त्या उसवायच्या, पुन्हा घालायच्या. लोकर विरत चालली. मी शेजारी बसून बघत होते. गल्लीतल्या बायकांना मात्र मी ओसरीवर बसवून खरी वीण शिकवली. त्या वेळी वहिनी चुलीपुढं असायच्या — हे मला ठाऊक नव्हतं का?

संक्रांतीला ती आखडलेली शाल घेऊनच त्या भूमला गेल्या. अप्पांनी ती गळ्याभोवती गुंडाळली म्हणे, आणि "माझ्या लेकीनं केलीय" म्हणत बाजारभर हिंडले. हे सांगताना वहिनी हसत होत्या, डोळे मात्र खाली. पुढच्या थंडीआधीच अप्पा गेले. वहिनींनी क्रोशाची सुई पुन्हा हातात धरली नाही.

निजाम गेला, येडशीला एसटी आली, आमच्या दोघींचे केस पिकले. एकदा मी माहेरी आले होते, तेव्हा मेथी निवडताना त्यांनी सहज विचारलं, "वन्सं, त्या शालीत माझं काय चुकत होतं हो?"

तेव्हा सांगता आलं असतं. कुणी अडवलं होतं? घरात आम्ही दोघीच होतो. मी म्हणाले, "तुमचा हात घट्ट पडायचा, वहिनी."

"व्हय," त्या म्हणाल्या. "माझ्या हातात ती कलाच न्हाय."

वहिनी वारल्या तेव्हा त्यांची थोरली लेक माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. रडता रडता म्हणाली, "आईला सगळं यायचं, आत्या. विणकाम तेवढं नाही जमलं."

माझा हात तिच्या केसांवरून फिरत होता. मी म्हणाले, "नाही जमलं खरं."